बादली उचलली म्हणून गर्भ निसटतो का?

प्रश्न : ओव्ह्युलेशन किट (स्त्रीबीज कधी सुटणार ते सांगणारी घरगुती चाचणी) बघून आम्ही प्रयत्न केला. स्त्रीबीज सुटल्यानंतर चौथ्या दिवशी मी पाण्याने भरलेल्या दोन बादल्या उचलल्या. सहाव्या दिवशी टेस्ट निगेटिव्ह आली. माझ्यामुळे गर्भ निसटला का? – एक वाचक

उत्तर : ताई, त्या बादल्या आधी मनातून खाली ठेवा. चौथ्या दिवशी गर्भ गर्भाशयाला चिकटलेलाच नसतो, मग निसटणार कुठून? फलन होतं गर्भनलिकेत. तिथून गर्भाशयात पोचायला तीन-चार दिवस लागतात आणि त्याला पुढे सरकवतात ते नलिकेतले सूक्ष्म तंतू आणि तिच्या स्नायूंची हालचाल. तुमच्या वाकण्या-उचलण्याने त्यात काही बिघडत नाही.

मी भ्रूणप्रयोगशाळेत काम करते, आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर फलन केलेल्या भ्रूणांत हे रोज बघते. फलनानंतर १६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोल केंद्रकं शेजारी-शेजारी दिसतात, एक आईकडचं, एक वडिलांकडचं. दुसऱ्या दिवशी साधारण ४ पेशी, तिसऱ्या दिवशी ८. एवढ्या पेशी झाल्या तरी सगळा पसारा ०.१ मिलिमीटरच्या आसपासच, कारण भोवती कवच असतं. पाचव्या दिवशी आत द्रव भरतो, कवच ताणून पातळ होतं. एका बाजूला पेशींचा घट्ट पुंजका दिसतो, बाळ त्यातून घडतं. बाहेरच्या थरातून वार (प्लॅसेंटा). मग कवच फाटतं आणि भ्रूण हळूहळू बाहेर येतो. ते दिसलं की अजूनही माझी नजर तिथून हलत नाही.

रुजणं सुरू होतं त्यानंतर, बहुतेकदा स्त्रीबीज सुटल्यापासून आठव्या ते दहाव्या दिवशी. टेस्ट जे एचसीजी नावाचं संप्रेरक शोधते, ते भ्रूण रुजू लागल्यावरच आईच्या रक्तात आणि मग लघवीत उतरतं. म्हणून सहाव्या दिवशीच्या निगेटिव्हला काहीच अर्थ नाही. पाळी चुकल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीची टेस्ट करा.

आणि या महिन्यात नाहीच राहिलं, तरी स्वतःला बोल लावू नका. कितीतरी भ्रूण रुजण्याआधीच थांबतात. त्याचं मोठं कारण गुणसूत्रांची संख्या चुकणं, आणि ती चूक बहुधा स्त्रीबीज तयार होतानाच झालेली असते.

फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र आतापासूनच डॉक्टरांना विचारून सुरू करा. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर ओटीपोटात एका बाजूला तीव्र दुखलं किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गर्भ नलिकेतच रुजलेला असू शकतो.