मुलाखतीआधी सिल्वरब्लॅट ऐक

लेखकाची पहिलीच मुलाखत घेणार आहेस, तर प्रश्न काढण्याआधी मायकेल सिल्वरब्लॅट ऐक. १९८९ ते २०२२, अमेरिकेतल्या सांता मोनिकाच्या केसीआरडब्ल्यू रेडिओवर 'बुकवर्म' हा त्याचा लेखकांच्या मुलाखतींचा कार्यक्रम. पाहुण्याचं नवं पुस्तकच नव्हे, आधीचं सगळं लेखन वाचून हा माणूस बसायचा. अमेरिकन कादंबरीकार डेव्हिड फॉस्टर वॉलेसची १९९६मधली मुलाखत तर ऐकच. वॉलेसच्या 'इन्फिनिट जेस्ट' कादंबरीची रचना फ्रॅक्टलसारखी, म्हणजे लहान भागातही अख्ख्याचाच आकार दिसणाऱ्या आकृतीसारखी वाटते, असं सिल्वरब्लॅट चाचरत म्हणतो, आणि वॉलेस सांगतो की मसुदा खरोखरच सिएरपिन्स्कीच्या त्रिकोणावर, म्हणजे त्रिकोणात त्रिकोण असलेल्या अशाच एका फ्रॅक्टलवर बेतला होता! काय वाचन असेल या माणसाचं! तेव्हा तुझ्या लेखकाचं जुनं, कुणी फारसं न वाचलेलं पुस्तक आधी मिळव. 'लेखनाकडे कसे वळलात?' हा प्रश्न मात्र खोडून टाक. त्याचं उत्तर आधीच चार ठिकाणी छापलेलं असतं.