स्नेपसर, नेव्हिल आणि तुमचा भाऊ

ठाण्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे:

“मी 37 वर्षांची असून आठवी-नववीला विज्ञान शिकवते. हॅरी पॉटरचे सातही भाग मी आणि माझ्या धाकट्या भावाने एकाच प्रतीवरून, आळीपाळीने वाचले. 2007च्या जुलैमध्ये शेवटचा भाग आला तेव्हा तो वाचताना रडला आणि मी त्याला हसले होते. आता मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला रोज रात्री तीच पुस्तके वाचून दाखवते. तिसऱ्या भागात जादूच्या शाळेतला मास्तर स्नेप नेव्हिल नावाच्या विद्यार्थ्याच्या बेडकावर काढ्याचा प्रयोग करतो, तिथे तिने विचारले, ‘आई, हा मुलगा मोठ्या सरांना जाऊन का सांगत नाही?’ मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी भावाशी फोनवर बोलताना, ‘असला मास्तर मी शाळेत एक दिवस ठेवला नसता,’ असे मी म्हणून गेले. भावाच्या मनगटावर स्नेपच्या तोंडचा ‘ऑलवेज’ हा शब्द गोंदवलेला आहे. इंजिनिअरिंगचे एक वर्ष वाया गेले, त्या काळात त्याने तो गोंदवून घेतला होता. तो म्हणाला, ‘ताई, तुला पेपर तपासायची सवय लागली आहे, पुस्तक वाचायची राहिली नाही.’ तीन आठवडे झाले, त्याचा फोन नाही. लहानपणी जिवापाड आवडलेल्या गोष्टीची अशी चिरफाड करणे कृतघ्नपणाचे आहे का? आणि पुढचे भाग मुलीला वाचून दाखवू की नको?”

तुमच्या मुलीचा प्रश्न बिनतोड आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. नेव्हिल सांगत नाही, कारण सांगण्यासारखे काही उरलेलेच नसते. सगळ्यांना ते ठाऊक असते. ज्या तासाला बोगार्ट नावाचा मायावी प्राणी नेव्हिलच्या मनातील सर्वांत मोठ्या भीतीचे, म्हणजे स्नेपचे, रूप घेऊन कपाटातून बाहेर येतो, तो तास कुठे भरतो ते पुन्हा एकदा पाहा. तो भरतो शिक्षकांच्या खोलीत. त्याआधी स्नेप तिथेच बसलेला असतो आणि बाहेर पडता पडता, सगळ्या वर्गासमोर, नव्या शिक्षकांना नेव्हिलपासून सावध राहण्याचा टोमणा मारून जातो. पुढे बोगार्टच्या अंगावर नेव्हिलच्या आजीचा झगा आणि गिधाडाची टोपी चढते, वर्ग खदखदून हसतो, आणि तेरा-चौदा वर्षांच्या आपणही हसतो. त्या हसण्याच्या भरात एक गोष्ट नजरेतून निसटते. ज्या मुलाच्या आईवडिलांना छळ करून कायमचे वेडे केले गेले आहे, त्याची सर्वांत मोठी भीती कोणी सैतानी जादूगार नाही, तर त्याचा शिक्षक आहे. आईवडिलांची हकिगत आपल्याला चौथ्या भागात कळते. तोवर आपण पुढे गेलेले असतो आणि मागे वळून हा हिशेब जुळवत नाही. तुम्ही तो जुळवलात. वर्गात उभे राहणाऱ्या बाईंना तो जुळवावाच लागतो, आणि त्यात कृतघ्नपणा कसला?

मात्र पात्रांच्या निर्णयांवर रागावताना मी स्वतः एक भेद करते, तो तुम्हीही करून पाहावा असे मला वाटते. काही चुका पुस्तकाला माहीत असतात आणि काही पुस्तकाच्याही लक्षात आलेल्या नसतात. तान्ह्या हॅरीला प्रिव्हेट ड्राइव्हवरच्या मावशीच्या घराच्या पायरीवर सोडून जाण्याचा मुख्याध्यापक डंबलडोर यांचा निर्णय पहिल्या प्रकारचा आहे. ही माणसे वाईट आहेत, हे त्याच शाळेतील शिक्षिका मॅकगोनागल पहिल्याच प्रकरणात बजावतात. आईच्या रक्ताच्या नात्यामुळे मिळणाऱ्या संरक्षणाचे कारण पाचव्या भागाच्या शेवटी सांगितले जाते. हॅरी डंबलडोर यांच्या खोलीतील वस्तूंची मोडतोड करतो आणि ते त्याला ती करू देतात. सहाव्या भागात ते मावशीच्या डर्स्ली कुटुंबाला समोरासमोर सुनावतातही. तो निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, त्याची झडती पुस्तकाने स्वतःच घेतली आहे.

स्नेपच्या वर्गाचे तसे झालेले नाही. खलनायक व्होल्डेमॉर्ट परतणार या खात्रीने डंबलडोर त्याला शाळेत ठेवतात, युद्धाच्या दृष्टीने तो निर्णय अचूकही ठरतो, पण त्या निर्णयाची किंमत दर आठवड्याला पोशन्सच्या, म्हणजे जादुई काढ्यांच्या, तासाला कोण मोजत होते, हा प्रश्न सात भागांत मुख्याध्यापकांना कोणीही विचारत नाही. माझ्या मते ही त्या मालिकेची खरी उणीव आहे आणि तुमच्या रागाचा रोख योग्य ठिकाणीच आहे. (कर्तबगार माणूस म्हणून त्याचे वर्गातील वागणे चालवून घेणारे मुख्याध्यापक केवळ जादूच्याच शाळेत असतात, असे मी म्हणणार नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.)

आता स्नेपविषयी एक बाब तुम्हा दोघांसाठी. चित्रपटांमुळे तो आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशीचा उभा राहतो, कारण पहिला चित्रपट आला तेव्हा ॲलन रिकमन 55 वर्षांचे होते. पुस्तकातील स्नेप 1960 साली जन्मलेला आहे, म्हणजे हॅरी शाळेत येतो तेव्हा तो 31 वर्षांचा असतो. हॅरीच्या कुटुंबाच्या जिवावर बेतणारी भविष्यवाणी व्होल्डेमॉर्टच्या कानावर घालून आपण काय करून बसलो हे उमगते आणि तो डंबलडोर यांच्यासमोर गयावया करतो, तेव्हा तो विशीत नुकताच शिरलेला मुलगा आहे. त्यावेळीही तो जीव मागतो तो फक्त हॅरीच्या आईचा, लिलीचा. तिच्या नवऱ्याचा आणि बाळाचा नाही, आणि डंबलडोर त्याला त्याबद्दल झिडकारतात. तुमच्या भावाचा स्नेप हा आहे: विशीत घोर चूक केलेला आणि उरलेले आयुष्य ती फेडण्यात घालवलेला. तुमचा स्नेप मात्र फळ्यापुढे उभा आहे. तुमची त्याच्याशी गाठ सहकारी म्हणून पडली, भावाची पडली ती वर्ष वाया गेलेला विद्यार्थी म्हणून. तुम्ही फोनवर नेव्हिलबद्दल बोलत होतात; तिकडे त्याला, चुकलेल्या माणसाला आपल्या ताईच्या शाळेत एक दिवसही जागा नाही, असे ऐकू आले असावे. वाक्य खरे होते, पण ते त्या मनगटावर जाऊन लागले.

यात तुम्हाला माघार घेण्याची गरज नाही. शेवटच्या प्रकरणात, रेल्वेच्या फलाटावर, हॅरी धाकट्या मुलाला, ज्याचे नाव त्याने आल्बस सेव्हरस ठेवले आहे, स्नेपविषयी सांगतो तेव्हा तो त्याला शूर म्हणतो. चांगला शिक्षक म्हणत नाही. त्याच फलाटावर नेव्हिल आता हॉगवर्ट्समध्ये, म्हणजे त्याच शाळेत, प्राध्यापक असल्याचा उल्लेख येतो, आणि गंमत म्हणजे त्यावेळी हॅरीचे वय तुमच्याइतकेच, 37 आहे. भावाला हे प्रकरण पुन्हा वाचायला सांगा. तो फोन करील याची वाट पाहू नका, तुम्हीच करा, आणि पहिल्या मिनिटात स्नेपचे नाव काढू नका. तो शब्द गोंदवून घेतला त्या वर्षी हॉस्टेलवर नेमके काय चालले होते, हे त्याला एकदा विचारा. तुमच्या चार पानी पत्रात त्या वर्षाबद्दल एकच ओळ आहे, त्यामुळे ते तुम्ही कधी विचारले नसावे असे मला वाटते.

मुलीला मात्र पुढचे भाग अवश्य वाचून दाखवा. वाचता वाचता मध्येच थांबून स्नेपवर भाष्य करू नका, आणि तो पुढे कसा निघतो हेही सांगू नका. तिला तिच्या वयाने चिडू द्या. तिने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर, ‘त्याने सांगायला हवे होते, आणि सरांनी न सांगताच पाहायला हवे होते,’ एवढे उत्तर नऊ वर्षांच्या मुलीला पुरते. आणि बेडकाचे पान अर्धवट सोडले असेल तर आज रात्री ते पुरे करा. वर्गमैत्रीण हर्मायनीच्या कुजबुजीमुळे बेडूक वाचतो; त्याबद्दल त्यांच्या ग्रिफिंडोर गटाचे पाच गुण कापले जातात, तेही वाचा.