वाडा चित्रीकरणाला देताना

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमचा सामाईक वाडा चित्रीकरणासाठी भाड्याने द्यायचा आहे. त्याआधी ऑइलपेंट आणि नव्या फरश्या करून घ्याव्यात का?

उत्तर : मुळीच नको. कडीपाटावर, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या छतावर, बसलेला चुलीचा धूर, झिजलेला उंबरा, कोनाडे आणि शहाबादी फरशी पाहण्यासाठीच कला-दिग्दर्शक तुमच्या दारी येतो. ते सारे झाकून टाकल्यावर उरणाऱ्या गुळगुळीत खोल्या त्याला कुठेही मिळतात. खर्च करायचाच असेल, तर फुटकी कौले, किडलेले वासे आणि लोंबत्या वायरी यांवर करावा. वाड्याच्या आतल्या उघड्या चौकात अडगळ नसावी, कारण वरून उतरणारा उजेड आणि कॅमेरा मागे घेण्यापुरती जागा या दोन्ही गोष्टी तिथेच मिळतात. चौकावर पत्रा घातला असल्यास तो काढता येईल असा करून घ्यावा. आपल्याकडच्या पावसात पत्र्याखाली संवादांचे ध्वनिमुद्रण होत नाही.

वाडा सामाईक आहे, म्हणून मिळकत पत्रिकेवर नाव असलेल्या प्रत्येकाची लेखी संमती आधी घ्यावी. बाहेरगावच्या भावाच्या एका फोनवर ऐन चित्रीकरणाच्या दिवशी काम थांबलेले मी पाहिले आहे.

प्रश्न : राजारामपुरीतील आमचा बंगला १९६०च्या दशकातला आहे. त्याला कोण विचारणार?

उत्तर : त्या काळची कथा चित्रित करणारे नक्कीच विचारतील. मोझॅकची जमीन, जिन्याचे लोखंडी कठडे आणि बॅकेलाइटची (जुन्या कडक प्लॅस्टिकची) काळी विजेची बटणे मात्र काढू नका.

प्रश्न : करारात कोणत्या अटी असाव्यात?

उत्तर : भाड्याचे दिवस मोजताना सेट लावण्याचे आणि उतरवण्याचे दिवसही धरावेत, कारण खरी मोडतोड बहुधा त्याच दिवसांत होते. अनामत रक्कम, विमा, रात्रपाळीचा वेगळा दर आणि कोणत्या खोल्या बंद राहतील, हे स्पष्ट लिहावे. सागवानी खांबांना खिळा मारायचा नाही, भिंतीचा रंग बदलल्यास तो पूर्ववत करून द्यायचा, आणि दोन्ही बाजूंनी सह्या केलेली आधीची छायाचित्रे कराराला जोडायची. माडीची जमीन कडीपाटावर मातीचा थर देऊन केलेली असेल, तर कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ आणि पन्नास माणसे तिच्यावर चढवण्यापूर्वी अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. जागेच्या आधी हा प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. मोठ्या दिव्यांसाठी वीज जनरेटरचीच असावी, आणि जनरेटरची गाडी बोळात शिरते का, हे पाहणीच्या वेळीच बघावे.

प्रश्न : आमची लघुपटाची छोटी संस्था आहे. पन्हाळा किंवा खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर मिळेल का?

उत्तर : मिळू शकते, पण गावकऱ्यांचा होकार त्यासाठी पुरेसा नाही. संरक्षित स्मारकात चित्रीकरण करण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते आणि वास्तूला धक्का लागेल असे काहीही उभारता येत नाही. पन्हाळा तर २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेला आहे, तेव्हा अर्ज हातात वेळ ठेवूनच करावा. प्रसंग दोन-तीनच असतील, तर मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेटची भिंत उभी करणे सोपे पडेल. १९२९ साली ‘प्रभात’ फिल्म कंपनी कोल्हापुरातच सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. सेट उभारण्याची कला या गावाला नवी नाही.