बेळगावाहून खडकाळ किनाऱ्यावर जाताय? आधी तिथी बघा

दादा, गोव्यात हणजूणच्या (अंजुना) किनाऱ्यावर पोरांना घेऊन जायचं ठरवलंयस ते बरं, पण रविवार बघून नको, तिथी बघून जा. खडकांतली डबकी उघडी पडतात ती ओहोटीला. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यांत लांब हटतं, पण पहाटे नाहीतर संध्याकाळी. म्हणजे सकाळी बेळगावातून निघून चोर्ला घाट उतरेपर्यंत खेळ खलास. आम्ही पहिल्यांदा असेच भर दुपारी पोचलो, सगळे खडक पाण्याखाली! शेवटी कुंदा खाऊन परत. तेव्हा आदल्या रात्री मुक्कामालाच जा. वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, तिथल्या कोळ्यांना विचारून घे. ओहोटी संपायच्या तासभर आधी उतरायचं, पाणी वळलं की बाहेर.

पायात मागून पट्टा असलेले सँडल हवेत. कालवं ब्लेडसारखी कापतात. खेकडे, समुद्रफुलं (खडकाला चिकटलेले फुलासारखे प्राणी) बघायची, उपटायची नाहीत. उचललेला दगड होता तसा ठेवायचा. शंकूसारखा निमुळता, नक्षीदार शंख दिसला तर हात लावू देऊ नकोस, काही विषारी असतात. आणि पावसाळ्यात तर जाऊच नकोस.