६ जून: तारीख, तिथी आणि फलकावरची ओळ

'दिनविशेष' सदराकडे ६ जूनबद्दल आलेल्या प्रश्नांतून निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: शाळेच्या फलकावर दरवर्षी '६ जून १६७४ – शिवराज्याभिषेक' असे लिहितो. व्हॉट्सॲपवर मात्र 'खरी तारीख १६ जून' असा संदेश फिरतो आहे. बदल करावा का? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर: बदल करू नका. संदेश खोटा नाही, अर्धवट आहे. १६७४ मध्ये युरोपात दोन कालगणना चालू होत्या. इंग्रज जुनी ज्युलियन वापरत होते. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्स यांनी ग्रेगरियन घेतली होती. त्या शतकात दोन्हींत १० दिवसांचा फरक होता. राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेला हेन्री ऑक्झेंडन मुंबईच्या इंग्रजांचा वकील (राजदूत), त्यामुळे त्याच्या कागदांत जुनी तारीख. गोव्याच्या पोर्तुगीजांची गणना नवी. म्हणून मुंबईकर इंग्रजांची ६ जून ती गोव्यातली १६ जून. दिवस एकच.

मराठ्यांच्या इतिहासात १७५२ पर्यंतच्या तारखा जुन्या गणनेने द्यायच्या असा प्रघात पडला आहे, कारण इंग्रजांनी नवी गणना त्याच वर्षी घेतली. तिथे २ सप्टेंबरनंतरचा दिवस एकदम १४ सप्टेंबर आला. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३०, महाराजांच्या निधनाची ३ एप्रिल १६८०, थोरल्या बाजीरावांच्या निधनाची २८ एप्रिल १७४० या साऱ्या जुन्या गणनेच्या तारखा. पानिपतची १४ जानेवारी १७६१ मात्र नव्या गणनेची.

बदल करायचाच असेल तर सगळ्या तारखा बदलाव्या लागतील, आणि गोंधळ होतो तो नेमका इथे. जिजाऊंचे निधन पाचाडला १७ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ वद्य नवमीला झाले, म्हणजे राज्याभिषेकानंतर ११ दिवसांनी. कुणी राज्याभिषेक १६ जूनवर नेला आणि जिजाऊंची तारीख तशीच ठेवली, तर हे अंतर एका दिवसावर येते. असा तक्ता छापलेला दिसला की समजावे, अर्धी यादी एका पुस्तकातून आणि अर्धी दुसऱ्यातून उतरवली आहे.

स्वतः रूपांतर करायचे असेल तर जुन्या तारखेत इतके दिवस मिळवा: १५८२ पासून फेब्रुवारी १७०० पर्यंत १०, तिथून फेब्रुवारी १८०० पर्यंत ११, मग १९०० पर्यंत १२ आणि त्यानंतर १३. जुने इंग्रजी कागद वाचताना आणखी एक काळजी घ्या: त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी ते २४ मार्च या दिवसांवर त्यामुळे मागचे साल दिसते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख त्यांच्या हिशेबाने १६२९ मधली. जूनच्या तारखांना हा त्रास नाही.

प्रश्न: मोबाइलवर ६ जून १६७४ चा वार 'बुधवार' दाखवतो. पुस्तकांत शनिवार आहे. कुणाचे चुकले? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर: पुस्तक बरोबर आहे. मोबाइलने तुमची तारीख नव्या गणनेची मानली. त्याच मोबाइलवर १६ जून १६७४ टाकून पाहा, शनिवार येईल. वार हा सगळ्यांत सोपा ताळा आहे, कारण गणना बदलली तरी वारांची साखळी कधी तुटली नाही. लिनक्समधल्या 'कॅल' या दिनदर्शिकेला १७५२ चा बदल माहीत असतो, म्हणून तिथे ६ जूनलाच शनिवार दिसतो. एक्सेलवर विसंबू नका; १९०० च्या आधीची तारीख ते तारीख म्हणून घेतच नाही.

प्रश्न: जेधे शकावलीत राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध द्वादशी, शुक्रवार असा आहे. सर्वत्र त्रयोदशी, शनिवार सांगतात. दोन्ही कसे खरे? (एक वाचक, पुणे)

उत्तर: दोन्ही खरे आहेत. ही शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार घटनांची यादी, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यातली ही नोंद फार काटेकोर आहे. वर्ष शके १५९६, आनंदनाम संवत्सर. शुक्रवारी द्वादशी २१ घटी ३४ पळे होती, आणि महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटिका रात्र उरली होती.

हिशेब मांडू. एक घटी २४ मिनिटांची, ६० पळांची एक घटी. द्वादशी सूर्योदयानंतर २१ घटी ३४ पळांनी, म्हणजे साधारण साडेआठ तासांनी संपली. त्या शुक्रवारी दुपारनंतर त्रयोदशी लागली होती. सिंहासनारोहण उजाडायच्या ७२ मिनिटे आधी झाले. आपला वार सूर्योदयाला बदलतो, म्हणून शकावलीकाराने शुक्रवार लिहिला, आणि त्या वाराला सूर्योदयाची तिथी द्वादशी म्हणून तीच नोंदवली. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, तेव्हा घड्याळाने शनिवार, ६ जून लागून काही तास झाले होते. प्रत्यक्ष त्या क्षणी चालू असलेली तिथी त्रयोदशीच. विरोध कुठेच नाही, फक्त दिवस कुठून मोजला ते वेगळे. पहाटेच्या प्रत्येक घटनेला हा प्रश्न येतो. '५ जूनच्या रात्री' आणि '६ जूनला पहाटे' अशी दोन विधाने दिसली की आधी हेच तपासावे.

संवत्सराचा ताळाही करून घ्या. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी राहील त्या क्रमांकाचे संवत्सर. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८. भागून बाकी ४८. साठ संवत्सरांतले पहिले प्रभव, तिथून अठ्ठेचाळिसावे आनंद. शिवजन्माच्या शके १५५१ ला बाकी ३ उरते, तिसरे शुक्ल. एखाद्या कागदावर शक आणि संवत्सर जुळत नसेल तर नक्कल करताना कुठेतरी आकडा बिघडला आहे असे धरून चालावे.

शकावरून इसवी साल काढताना चैत्र ते मार्गशीर्ष ७८ मिळवा, माघ-फाल्गुनात ७९. पौषाला मात्र डोळे उघडे ठेवा, कारण १ जानेवारी बहुधा त्याच महिन्यात येते.

प्रश्न: तिथीने सोहळा करायचा तर दरवर्षी दिवस कसा काढायचा? अधिक ज्येष्ठ आला तर? (एक ग्रामपंचायत सदस्य, महाड)

उत्तर: वटपौर्णिमा पाहा आणि एक-दोन दिवस मागे या. ही जुजबी खूण झाली, नक्की दिवस पंचांगातूनच घ्या, कारण तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की एखादा दिवस सरकतो. २०२३ मध्ये ही तिथी २ जूनला होती, २०२५ मध्ये ९ जूनला. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. अधिक महिना आला की एकदम मागे ढकलली जाते. अधिक ज्येष्ठात सोहळा करत नाहीत, निज ज्येष्ठातच करायचा. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने तिथी जूनच्या अखेरच्या आठवड्यात जाते. कार्यक्रमपत्रिका छापताना मागच्या वर्षीची फाइल उघडून साल तेवढे बदलण्याची सवय इथे हमखास नडते.

ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदांतला 'शिवस्वराज्य दिन' मात्र ६ जूनलाच असतो. २०२१ पासून त्या दिवशी तिथे शिवशक राजदंड स्वराज्यगुढी उभारतात. त्याचा तिथीशी संबंध जोडू नका.

प्रश्न: ३५० वे वर्ष २०२३ की २०२४? (अनेक वाचक)

उत्तर: २०२३ मध्ये ३५० वे वर्ष लागले, २०२४ मध्ये ३५० वर्षे पूर्ण झाली. बॅनरवर 'वे' आहे की 'पूर्ण' हे पाहिले की वाद मिटतो. राज्याभिषेकापासून मोजतात त्या राज्याभिषेक शकाचे नवे वर्षही गुढीपाडव्याला नाही, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला लागते. इसवी साल काढायला त्या तिथीपासून डिसेंबरपर्यंत या शकात १६७३ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या त्रयोदशीपर्यंत १६७४.

प्रश्न: सरकारी राजपत्रात ६ जूनला 'ज्येष्ठ १६' असते. ही कुठली तिथी?

उत्तर: तिथी नाही, ती राष्ट्रीय दिनदर्शिकेची सौर तारीख. २२ मार्च १९५७ पासून ती लागू आहे. तिच्यात ज्येष्ठ नेहमी २२ मे रोजी सुरू होतो, म्हणून ६ जून म्हणजे कायम १६ ज्येष्ठ. चंद्राशी तिचा संबंध नाही.

प्रश्न: आमच्याकडे पंचांग पूर्णिमान्त, म्हणजे महिना पौर्णिमेला संपतो. राज्याभिषेकाचा महिना बदलतो का? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: नाही. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिना एकच. फरक वद्य पक्षात पडतो. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया तुमच्याकडे चैत्र कृष्ण तृतीया होते, आणि जिजाऊंची ज्येष्ठ वद्य नवमी आषाढ कृष्ण नवमी.

प्रश्न: '६ जून १८८२: मुंबईत चक्रीवादळ, एक लाखावर मृत्यू' अशी नोंद बऱ्याच याद्यांत दिसते. घ्यावी का? (एक ग्रंथपाल, ठाणे)

उत्तर: काढून टाका. हे वादळ झालेलेच नाही. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. एक लाख मृत्यू म्हणजे आठांमागे जवळजवळ एक माणूस. एवढा संहार झालेल्या शहरातल्या त्या काळच्या वर्तमानपत्रांत त्याचा मागमूस नाही, हे शक्यच नाही. कुलाब्याला वेधशाळा होती, इंग्रजी आणि देशी पत्रे नियमित निघत होती, 'केसरी'लाही दुसरे वर्ष लागले होते. तरी ही नोंद वादळांच्या यादीतून यादीत उतरत गेली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा ती पुन्हा वर आली.

अशी नोंद ओळखायची कशी? आकडा गोल असतो, गावातली एकही वस्ती, गोदी, बोट वा इमारत नावाने येत नाही, आणि सगळ्या याद्यांत वाक्य शब्दशः सारखे असते. या तीन खुणा एकत्र दिसल्या की त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र शोधावे.

प्रश्न: आम्हाला ६ जूनची इथली राष्ट्रीय सुट्टी असते, म्हणून राज्याभिषेक दिन त्याच दिवशी करणे सोयीचे जाते. इथली तारीखही जुन्या गणनेची आहे का? (एक वाचक, स्टॉकहोम)

उत्तर: हो. गुस्ताव वासा याची राजा म्हणून निवड ६ जून १५२३ रोजी झाली, म्हणजे नवी गणना जन्माला येण्याच्याही आधी. स्वीडनने ती १७५३ मध्ये घेतली. तारखेचा आकडा मात्र तसाच ठेवला. १८०९ च्या राज्यघटनेचा दिवसही ६ जूनच. १९८३ पासून तो अधिकृत राष्ट्रीय दिन आहे, सुट्टी २००५ पासून. (मधल्या काळात स्वीडनने अशी काही धरसोड केली की १७१२ मध्ये त्यांना ३० फेब्रुवारी घ्यावी लागली!)

रशियाने उलट वाट धरली. रशियन कवी पुश्किनचा जन्म जुन्या गणनेने २६ मे १७९९ चा. रशियात तो ६ जूनला साजरा होतो आणि संयुक्त राष्ट्रांचा रशियन भाषा दिनही त्याच दिवशी असतो. तेव्हा परदेशी नोंद घेताना त्या देशाने आकडा जपला की बदलला, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.

प्रश्न: फलकावर पाचच ओळी मावतात. ६ जूनला राज्याभिषेकाखेरीज काय घ्यावे? (एक मुख्याध्यापक, चिपळूण)

उत्तर: पहिली ओळ अशी लिहा: 'ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ (६ जून १६७४, जुनी गणना): रायगडावर शिवराज्याभिषेक.' तिथी, शक आणि गणना तिन्ही आले की पुढचे वाद कमी होतात. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला निश्चलपुरी गोसाव्यांकरवी दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक झाला. तो ६ जूनच्या ओळीत घुसवू नका.

दुसरी ओळ १९४४ ची. दोस्त राष्ट्रांचे सुमारे १,५६,००० सैनिक त्या दिवशी नॉर्मंडीत उतरले. यातले अमेरिकी साधारण ७३,०००, बाकी मुख्यतः ब्रिटिश आणि कॅनडाचे. 'अमेरिकेची चढाई' एवढेच लिहिले तर निम्म्याहून अधिक सैनिक गळतात. बेत ५ जूनचा होता, खराब हवामानामुळे २४ तास पुढे गेला, म्हणून काही पुस्तकांत ५ तारीख डोकावते.

तिसरी स्वीडनची किंवा दक्षिण कोरियाच्या स्मृतिदिनाची. तो तिथे १९५६ पासून पाळतात. चौथी अभिनेते सुनील दत्त यांच्या जन्माची, १९२९.

पाचवी विज्ञानाच्या शिक्षकांसाठी: ६ जून २०१२ रोजी सकाळी भारतातून शुक्राचे अधिक्रमण (शुक्र सूर्यबिंबावरून सरकणे) दिसले, सव्वादहाच्या सुमारास संपले. अमेरिकेत ते ५ जूनच्या संध्याकाळी दिसले, म्हणून तिकडच्या याद्यांत तारीख एकने कमी असते. त्या उतरवून घेऊ नका. पुढचे अधिक्रमण डिसेंबर २११७ मध्ये आहे, तोवर ही ओळ पुसायची गरज पडणार नाही.