किट चालवणं आणि सेटिंग काढणं

प्रश्न : माझी मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बी.ई. इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या सत्रात आहे. कॅम्पसमधून तिला पुण्याच्या एका आयटी कंपनीची ऑफर आली आहे. दुसरी ऑफर मकरपुऱ्यातल्या एका लहान कंपनीची आहे. काम सबस्टेशनमध्ये जाऊन रिले टेस्टिंग आणि कमिशनिंगचं, म्हणजे लाइनवर दोष आला की ती बंद करायला लावणारी उपकरणं तपासून चालू करून देण्याचं, पगार आयटीपेक्षा बराच कमी. जांबुव्याच्या २२० केव्ही सबस्टेशनला ट्रेनिंगला गेली तेव्हापासून हिच्या डोक्यात डिस्टन्स रिले बसलाय. तिचे बाबा विचारतात, मुलीने रात्रीबेरात्री स्विचयार्डात काय करायचं? विजेचा धोका वेगळाच. शिवाय रिले म्हणजे आता कॉम्प्युटरच आणि टेस्टिंगही सॉफ्टवेअरच करतं, मग या कामाला भवितव्य काय?
— एक आई, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर :

ताई,

तुमच्या मिस्टरांची शेवटची शंका सगळ्यांत नेमकी आहे, म्हणून आधी तीच घेते. सॉफ्टवेअर टेस्टिंग करतं हे खरं. टेस्टिंगचं किट जोडलं, फाइल उघडली, बटण दाबलं की ते रिलेला एकामागून एक खोटे दोष दाखवत जातं आणि शेवटी हिरव्या टिकांचा रिपोर्ट काढून देतं. जो इंजिनीयर एवढंच करतो, त्याच्या नोकरीची मलाही काळजी वाटते. पण तो रिपोर्ट नक्की कशाचा असतो ते बघा.

डिस्टन्स रिले लाइनच्या टोकाला बसून सतत व्होल्टेजला करंटने भागत असतो. लाइनवर शॉर्ट झालं की व्होल्टेज पडतं, करंट वाढतो, भागाकार एकदम खाली येतो. लाइनचे किलोमीटरमागचे ओहम माहीत असतात, त्यामुळे दोष किती लांब आहे ते त्या आकड्यावरून कळतं. दोष लाइनच्या पहिल्या ८० टक्क्यांत असेल तर रिले वाट बघत नाही, ब्रेकरला (लाइन तोडणाऱ्या मोठ्या स्विचला) लगेच ट्रिप देतो. हा झोन वन. उरलेले २० टक्के मुद्दाम सोडलेले असतात, कारण सीटी, पीटी (लाइनचा करंट आणि व्होल्टेज रिलेला पेलेल एवढं लहान करून देणारे ट्रान्सफॉर्मर) आणि लाइनचे आकडे यांत थोडी थोडी चूक असतेच, आणि पलीकडच्या सबस्टेशनच्याही पुढचा दोष आपलाच समजून रिलेने ट्रिप द्यायला नको. तो शेवटचा तुकडा झोन टूकडे. तो लाइन ओलांडून थोडं पुढेही बघतो, पण साधारण ०.३५ सेकंद थांबून. झोन थ्री त्याहून लांब बघतो आणि जवळपास सेकंदभर थांबतो. पुढच्या सबस्टेशनचा रिले किंवा ब्रेकर चाललाच नाही तर तो कामाला येतो.

आता आकडे घालून बघू. २२० केव्हीची १०० किलोमीटरची लाइन, किलोमीटरला ०.४ ओहम, म्हणजे एकूण ४० ओहम. झोन वन ३२ ओहमचा. सीटी ८००/१ (८०० अँपिअरचा एक करणारी) आणि पीटी २२० केव्ही/११० व्होल्ट (म्हणजे २००० पट) असेल तर रिलेच्या बाजूला यायला ३२ ला ८०० ने गुणायचं आणि २००० ने भागायचं. आले १२.८ ओहम. हा आकडा, म्हणजे सेटिंग, रिलेत भरला. समजा सेटिंगच्या कागदावर ८०० लिहिलंय, पण यार्डात सीटी ६०० च्या टॅपवर, म्हणजे ६००/१ वर, जोडलेली आहे. किट करंट सोडतं ते पॅनलवरच्या टेस्ट ब्लॉकमधून, यार्डातल्या सीटीचा त्याला पत्ताच नसतो. रिले बरोबर १२.८ ला चालतो, रिपोर्ट हिरवागार. प्रत्यक्षात मात्र ते १२.८ आता लाइनवरचे ४२.७ ओहम झालेत, म्हणजे जवळजवळ १०७ किलोमीटर. लाइन १०० चीच आहे. पुढच्या सबस्टेशनपलीकडे पाच किलोमीटरवर दोष झाला तरी ही धडधाकट लाइन क्षणात उडणार.

ही चूक पकडायला माणूसच लागतो. यार्डात जाऊन सीटीच्या बॉक्सचं झाकण उघडणारा, टॅप डोळ्यांनी बघणारा, आणि लाइन चार्ज (चालू) झाल्यावर रिलेवर दिसणारा करंट फोन करून पलीकडच्या टोकाच्या आकड्याशी ताडून बघणारा.

दुसरं उदाहरण सगळ्या देशाने सोसलेलं आहे. ३० जुलै २०१२ ला पहाटे अडीचच्या सुमारास ४०० केव्हीची बिना–ग्वाल्हेर लाइन झोन थ्रीवर ट्रिप झाली. दोष कुठेच नव्हता. लाइनवर लोड प्रचंड होता, व्होल्टेज पडलेलं होतं, त्यामुळे भागाकार इतका खाली आला की रिलेला तो लांबचा दोष वाटला. त्यानंतर एकेक करत लाइन गेल्या आणि उत्तर भारताची ग्रिड कोसळली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच लाइन उडाली, आणि त्या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशा तिन्ही ग्रिड गेल्या. आपली पश्चिमेची वाचली, म्हणून बडोद्यात त्याची फारशी आठवण कोणाला नाही. त्यात रिले बिघडलेला नव्हता. जे सेटिंग दिलं होतं, त्याप्रमाणेच तो वागला. टेस्टिंगला घेतला असता तर पासच झाला असता. दोषाचा झोन लोडच्या भागात शिरणार नाही हे आधी हिशेब करून बघायचं असतं, आणि तो हिशेब कोणीतरी बसून करावा लागतो.

म्हणून तुमच्या मुलीने मकरपुऱ्याच्या कंपनीला पगाराआधी एक गोष्ट विचारावी: सेटिंग तुम्ही काढता, की ग्राहकाने दिलेली सेटिंग फक्त भरून टेस्ट करता? बऱ्याच लहान एजन्सी दुसऱ्याच प्रकारातल्या असतात. त्यात कमीपणा काही नाही, पण दोन वर्षांनी ती किट झपाझप चालवेल आणि झोन थ्री एवढाच का ठेवला म्हणून कोणी विचारलं तर गप्प बसेल. कंपनीत सेटिंग काढणारा एखादा जुना इंजिनीयर असेल आणि तो हिला बरोबर बसवणार असेल, तर पगारातला फरक मी शिकवणीची फी समजेन. लाइन ट्रिप झाल्यावर रिलेतली रेकॉर्डरची (दोषाच्या वेळचे करंट-व्होल्टेज टिपणारी) फाइल कोण वाचतं, हेही विचारायला सांगा. या धंद्यातलं खरं शिक्षण त्या फाइलींमध्ये असतं.

धोक्याचं म्हणाल तर आहे, पण लोकांना वाटतो तिथे नाही. रिलेच्या पॅनलपर्यंत २२० केव्ही येत नाही, तिथे ११० व्होल्ट आणि एक अँपिअरचा कारभार असतो. खरी भीती चालू सीटीचं सर्किट उघडं राहण्याची. तसं झालं तर त्या टोकांवर हजारो व्होल्ट उभे राहतात, म्हणून वायर काढण्याआधी सीटी शॉर्ट करायची म्हणजे करायचीच. दुसरी भानगड शेजारच्या पॅनलची. कंट्रोल रूममध्ये एकसारखी पॅनल ओळीने उभी असतात, आणि चुकीच्या पॅनलवर प्लग घातला तर चालू लाइन ट्रिप होते. यार्डात परमिट (कामाची लेखी परवानगी) आणि अर्थिंगशिवाय पाऊल टाकायचं नाही, कारण बंद लाइनवरही शेजारच्या चालू लाइनमुळे व्होल्टेज येतं. हे सगळं शिकवल्याशिवाय साइटवर एकटीला पाठवणारी कंपनी असेल तर जाऊ नये, आणि हे मुलालाही लागू.

मुलगी म्हणून प्रश्न येतात ते वेगळेच. मी स्वतः टेस्टिंगमधूनच या समुपदेशनाकडे आले, म्हणून स्पष्ट लिहिते. करंटपेक्षा गाडी, राहायची सोय आणि साइटवरचं स्वच्छतागृह यांचा त्रास जास्त असतो. कामासाठी लाइन बंद ठेवायचा शटडाउन सकाळचा सांगतात, मिळतो दुपारी, आणि काम अंधारात संपतं. रात्री परतायची गाडी कंपनीची असेल का, साइटवर सोबत कोण असेल, हे ऑफर स्वीकारण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. जेटकोत (गुजरातच्या सरकारी वीज पारेषण कंपनीत) सबस्टेशनवर काम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यापैकी एखादीशी मुलीची गाठ घालून दिलीत तर तिच्या बाबांची शंका माझ्या पत्राने फिटणार नाही तेवढी तिथे फिटेल.

भवितव्याचा विचार केला तर या कामाला बडोद्यासारखं गाव कमी. जेटकोचं मुख्यालय इथे, राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर गोत्रीला, पावरग्रिड या केंद्राच्या पारेषण कंपनीचं विभागीय मुख्यालय इथे, मकरपुऱ्यात एर्डा या विद्युत संशोधन संस्थेची प्रयोगशाळा, आणि ट्रान्सफॉर्मर-स्विचगिअरचे कारखाने तर आहेतच. दोन-तीन वर्षं हात घाण केले की जेटकोची ज्युनियर इंजिनीयरची भरती, गेट (इंजिनीयरिंगची राष्ट्रीय परीक्षा) देऊन पावरग्रिड, नाहीतर रिले बनवणाऱ्या कंपन्यांची ॲप्लिकेशन इंजिनीयरची कामं, हे रस्ते उघडतात. गेटचा अभ्यास मात्र नोकरी लागल्यावर रेंगाळतो, तो सुरूच ठेवायला सांगा.

पुण्याची ऑफर वाईट नाही. घरावर कर्ज असेल, पैशांची आत्ताच गरज असेल तर तीच घ्यावी, त्यात लाजायचं काही नाही. तशी गरज नसेल आणि मकरपुऱ्याची उत्तरं समाधानकारक आली, तर मी मकरपुरा निवडेन. इलेक्ट्रिकलमधून आयटीत नंतरही जाता येतं. चार वर्षं आयटीत काढून मग पॅनलपुढे उभं राहिलेलं मी तरी क्वचितच पाहिलंय.

निकाल लागेपर्यंत तिने वर दिलेला हिशेब दुसऱ्या दोन-तीन लाइन घेऊन, जिच्या पुढची लाइन आखूड आहे अशी एक धरून, हाताने करून बघावा. पुढे आखूड लाइन आली की झोन टू कुठे अडतो ते तिला आपोआप दिसेल, आणि पुढच्या एखाद्या इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी असेल.

बाँडचं राहिलं. लहान कंपन्या एक-दोन वर्षांचा बाँड लिहून घेतात. मुदत आणि रक्कम वाचून मगच सही करावी. मूळ गुणपत्रिका किंवा डिग्री ठेवून घेऊ म्हणाले तर तिथूनच परत फिरायचं.