प्रतिकारशक्तीची उणीव आणि न थांबणारे पोटाचे विकार

जन्मजात प्रतिकारशक्ती-विकारांवरील लेखानंतर आलेल्या पत्रांत वारंवार होणाऱ्या न्यूमोनियाबद्दल प्रश्न असतील, अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बहुतेकांनी पोटाबद्दलच लिहिले आहे. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : मी ३६ वर्षांची शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी मला कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी, म्हणजे सीव्हीआयडी, हा प्रतिपिंडे (अँटिबॉडी) पुरेशी न बनण्याचा आजार असल्याचे निदान झाले. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांची प्रतिपिंडे, घेते. छातीचा संसर्ग जवळजवळ थांबला आहे, पण दिवसातून पाच-सहा वेळा पातळ शौचास होते, पोट फुगते आणि वजन नऊ किलोंनी उतरले आहे. सिलिॲकची, म्हणजे गव्हातील ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची, रक्ततपासणी नॉर्मल आली. "ताण घेऊ नका, पोट आपोआप ताळ्यावर येईल," असे मला सांगण्यात आले. औषध चालू असताना पोटच का सुधारत नाही?

उत्तर : सर्वप्रथम हे स्पष्ट सांगते की, नऊ किलो वजन उतरवणारे जुलाब ताणामुळे होत आहेत असे समजून स्वस्थ बसणे योग्य नाही. तुमचा मूळ आजार आतड्यालाही होतो आणि तुम्हाला मिळणारे औषध तेथपर्यंत फारसे पोहोचत नाही.

आपले शरीर रोज जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांत सर्वाधिक वाटा आयजीए या प्रकाराचा असतो आणि त्यातील बराचसा भाग आतड्याच्या आतील अस्तरावर पाझरतो. सीव्हीआयडीमध्ये आयजीजी या रक्तातील मुख्य प्रकाराबरोबर आयजीए किंवा आयजीएम किंवा दोन्हीही कमी असतात. हजारो दात्यांच्या प्लाझ्मापासून बनवलेल्या इम्युनोग्लोब्युलिनमध्ये जवळजवळ सगळे आयजीजी असते. ते रक्तात फिरते, फुप्फुसांचे रक्षण करते, पण आतड्याच्या अस्तरावरील आयजीएची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे छाती सुधारली आणि पोट मात्र तसेच राहिले, हा तुमचा अनुभव या आजाराला धरूनच आहे.

आता कारणांकडे वळू. सर्वांत आधी जिआर्डिया शोधावा. दूषित पाण्यातून येणारा हा परजीवी निरोगी माणसाला काही आठवडे त्रास देऊन बहुधा निघून जातो. आयजीए नसलेल्या आतड्यात तो महिनोन्महिने मुक्काम ठोकतो आणि औषधाने गेला तरी परत येतो. फिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी आणि फार दुर्गंधी येणारी शौच, तसेच सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर या त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत. एकाच नमुन्यात तो हुकू शकतो. म्हणून वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्यावेत आणि प्रयोगशाळेत सोय असल्यास शौचेची अँटिजेन किंवा पीसीआर तपासणी मागावी. नोरोव्हायरस आणि कॅम्पिलोबॅक्टर हेही अशा रुग्णांत दीर्घकाळ ठाण मांडतात. शिवाय वारंवार घ्याव्या लागलेल्या अँटिबायोटिकमुळे लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ होऊन पोट फुगू शकते, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा संसर्गही होऊ शकतो.

तुमच्या "नॉर्मल" सिलिॲक तपासणीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण याच ठिकाणी अनेकांची दिशाभूल होते. टीटीजी-आयजीए ही तपासणी तुमच्याच शरीराने बनवलेले आयजीए मोजते. जे शरीर आयजीए बनवतच नाही, त्याच्या बाबतीत ती नकारात्मकच येणार. आयजीजीवर आधारलेली तपासणीही भरवशाची नाही, कारण तुमच्या रक्तातील आयजीजी मुख्यतः दात्यांचे आहे. हाच नियम प्रतिपिंडे शोधणाऱ्या इतर रक्ततपासण्यांनाही लागू पडतो, म्हणून शक्य तेथे जंतू स्वतः किंवा त्याचे जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासण्या कराव्यात.

खरे चित्र दुर्बिणीने (एंडोस्कोपीने) तपासून काढलेल्या आतड्याच्या तुकड्यांतून कळते. निरोगी लहान आतड्याचे अस्तर मखमलीसारखे असते. अन्नरस शोषणारे त्याचे बारीक अंकुर उभे असतात. सीव्हीआयडीच्या काही रुग्णांत ते झिजून सपाट होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते सिलिॲकसारखेच दिसते. फरक एवढाच की प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी तेथे फारच थोड्या असतात किंवा मुळीच नसतात. पॅथॉलॉजिस्टला तुमचे निदान ठाऊक असेल तरच तो हे मुद्दाम शोधील. म्हणून नमुन्यासोबतच्या कागदावर "सीव्हीआयडी" असे ठळक लिहून घ्या. एचएलए डीक्यू२ आणि डीक्यू८ ही दोन्ही जनुके नसतील, तर सिलिॲक जवळजवळ नाही असे समजता येते. हे न पाहता गहू बंद करू नका. सीव्हीआयडीमध्ये अंकुर झिजलेल्या अनेकांना गहू सोडूनही उतार पडत नाही. त्यांना संसर्ग नसल्याची खात्री करून बुडेसोनाइडसारखे, मुख्यतः आतड्यातच काम करणारे स्टिरॉइड द्यावे लागते.

आणखी एक बाब तुम्हीच लक्षात ठेवायची आहे. आतड्यातून प्रथिने गळत असतील तर दिलेले आयजीजीही त्यांच्याबरोबर वाहून जाते. पुढच्या सलाइनच्या आधी घेतलेली आयजीजीची पातळी डोस न बदलता घसरू लागली असेल, तर अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही तपासून घ्या. बी१२, लोह, फोलेट आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी तर आताच करावी. या आजारात जठराचा कर्करोग आणि लिम्फोमा (लसिकापेशींचा कर्करोग) यांचा धोका सर्वसामान्यांपेक्षा अधिक असतो. तेव्हा दुर्बीण जठरातही नीट फिरवून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातील जिवाणू तपासला जावा, असा आग्रह धरा.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाला एक्स-लिंक्ड ॲगामाग्लोब्युलिनेमिया, म्हणजे प्रतिपिंडे जवळजवळ न बनण्याचा जन्मजात आजार, आहे. त्याला पोलिओचे डोस पाजायचे नाहीत, हे आम्हांला सांगितले आहे. पण पोलिओ रविवारी त्याच्या चार वर्षांच्या बहिणीला पाजले तर चालेल का? घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे.

उत्तर : नाही. वडीलधाऱ्यांची काळजी रास्त आहे, पण तोंडावाटे दिलेल्या लसीतील जिवंत, दुर्बल केलेला विषाणू बहिणीच्या शौचेतून काही आठवडे बाहेर पडत राहतो आणि हातांवाटे धाकट्यापर्यंत पोहोचू शकतो. प्रतिपिंडे नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिने, प्रसंगी वर्षेही टिकतो आणि क्वचित हातपाय लुळे करतो. बहिणीला पोलिओची इंजेक्शनची लस द्यावी. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दारात येणाऱ्या आरोग्यसेविकेला दाखवण्यासाठी मुलाच्या डॉक्टरांचे पत्र घरी ठेवा. मुलाला आधी, निदान होण्यापूर्वी, हे डोस पाजले गेले असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

प्रश्न : माझ्या यजमानांना प्रतिपिंडांची उणीव आहे आणि पोट सतत नाजूक असते. दही-ताक चालेल का? शक्ती वाढावी म्हणून सासूबाई त्यांना रोज गुळवेलीचा काढा देतात.

उत्तर : दही-ताकाआधी पिण्याच्या पाण्याबद्दल सांगते. पाणी खळखळून उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसेच उकळू द्या आणि झाकून ठेवा. तुरटी फिरवल्याने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर क्लोरीनलाही दाद देत नाही. उसाच्या रसातील बर्फ, पाणीपुरीचे पाणी, बाहेरची कोशिंबीर आणि मोड आलेली कच्ची कडधान्ये वर्ज्य करावीत. मटकी पूर्ण शिजवून उसळ केली तर हरकत नाही.

उकळलेल्या दुधाचे घरी विरजलेले ताजे दही बहुतेकांना चालते. जुलाब चालू असताना दूध सोसत नसेल, तर ते काही दिवस बंद ठेवून मऊ भात, मेतकूट, मुगाचे वरण यांवर भागवा. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल मात्र स्वतःहून सुरू करू नका; त्यांत जिवंत जिवाणू असतात आणि ज्यांची प्रतिकारशक्ती अतिशय खालावलेली आहे, त्यांच्या रक्तात ते शिरल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

गुळवेलीचा काढा कृपया थांबवावा. सासूबाईंच्या मनात माया आहे, याबद्दल शंका नाही. परंतु २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आणि तिचे स्वरूप शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच यकृतावर हल्ला करावा तसे होते. प्रतिपिंडांची उणीव असणाऱ्यांपैकी काहींत ही यंत्रणा एकीकडे दुबळी आणि दुसरीकडे स्वतःच्याच अवयवांवर उलटलेली असते. अशा यंत्रणेला काढ्याने डिवचणे धोक्याचे आहे.

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या भाच्याला क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचा आजार असल्याचे सांगितले आहे. त्याला मधूनमधून गळवे होतात, एकदा यकृतातही झाले होते. आता इन्फ्लिक्सिमॅब या दाह दाबणाऱ्या औषधाचे इंजेक्शन सुरू करायचे आहे. काही विचारावे का?

उत्तर : जरूर विचारा, आणि पहिल्या इंजेक्शनच्या आधी विचारा. सहा वर्षांच्या आत सुरू झालेल्या आतड्याच्या दाहात प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष शोधलाच पाहिजे. यकृतातील गळवामुळे माझ्या मनात क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज येतो. यात पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारू शकत नाहीत; आणि आतड्याचा दाह हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. जन्मतः दिलेल्या बीसीजी या क्षयरोगाच्या लसीनंतर त्याच्या डाव्या काखेत गाठ येऊन ती पिकली होती का, हे आईला विचारून पाहा. या आजारात इन्फ्लिक्सिमॅबने पोट तात्पुरते सुधारते, परंतु गंभीर संसर्ग होऊन मृत्यू ओढवल्याच्या नोंदी आहेत. पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची क्षमता पाहणारी डीएचआर ही रक्ततपासणी निदानासाठी पुरेशी सूचक आहे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी येथे अशा विकारांच्या तपासण्या होतात. पेशी ताज्या असाव्या लागतात, त्यामुळे रक्त पाठवण्यापूर्वी वेळ ठरवून घ्यावी. निदान पक्के झाले तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने हा आजार मुळातून बरा होऊ शकतो. म्हणून भाच्याच्या डॉक्टरांना उद्याच भेटा आणि डीएचआरचा अहवाल हाती येईपर्यंत इंजेक्शन थांबवता येईल का, हे विचारा.